बालवाडीतल्या मुलांसाठी कार्टूनचा पहिला भाग : कशानंतर काय करायचं

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासमधून ॲनिमेशन शिकलेली दोन-तीन मुलं एकत्र येतात, लहान मुलांची मालिका करायची ठरवतात आणि पहिल्याच दिवशी पात्र रंगवायला बसतात. गोंडस ससा तयार होतो, त्याला रिग, म्हणजे हातपाय हलवायचा सांगाडा, बसतं, मग त्याच्यासाठी गोष्ट शोधली जाते आणि शेवटी कुणाचा तरी आवाज चिकटवला जातो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मूल भाग पहिल्यांदा बघतं तेव्हा सगळं रेंडर होऊन, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनून, बसलेलं असतं. मूल दुसऱ्या मिनिटाला उठून खेळायला जातं, आणि आता बदलायचं म्हटलं तर सगळंच बदलावं लागतं.

क्रम उलटा हवा. आधी मूल, मग प्रश्न, मग संवाद, मग आवाज. चित्र हलवायचं काम जवळजवळ शेवटी. तीन ते पाच वर्षांचं मूल कार्टूनला खिळतं, कारण त्यातलं थोडं काम त्याच्यावर सोपवलेलं असतं. पुढे काय होणार हे त्याला ओळखता येतं, पात्राच्या आधी उत्तर देता येतं, पात्राची चूक पकडता येते. रंग, गाणी, टपोरे डोळे हे सगळं या कामाच्या मदतीला.

खाली पाच मिनिटांचा एक नमुना भाग घेतला आहे आणि तोच शेवटपर्यंत नेला आहे. तुमची गोष्ट वेगळी असेल. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १ : वय आणि लांबी आधी लिहून काढा

‘लहान मुलांसाठी’ असं लिहून भागत नाही. तीन वर्षांच्या मुलाला ‘काल’ आणि ‘परवा’ची गल्लत होते, पाच वर्षांचं मूल आजीला चकवू शकतं. मधलं, म्हणजे चार वर्षांचं एक ओळखीचं मूल डोळ्यांसमोर ठेवा. शेजारचं, बहिणीचं, कुणाचंही. पुढचा प्रत्येक निर्णय ‘याला हे कळेल का’ या एकाच कसोटीवर घ्या.

लांबी पाच ते सात मिनिटं. ‘पेपा पिग’चा भाग पाच मिनिटांचा असतो, ‘ब्लूई’चा साधारण सातचा. पहिल्या प्रयत्नाला पाचच घ्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितला आहे, आणि दोन वर्षांखालच्यांना शक्यतो नाहीच. तेव्हा भाग तिथल्या तिथे पुरा झाला पाहिजे. ‘पुढे काय झालं ते उद्या’ असा शेवट या वयात करू नका. मूल रडतं आणि आई-वडील तुमची मालिका बंद करतात.

## टप्पा २ : एका भागात एकच प्रश्न

विषय वेगळा आणि प्रश्न वेगळा. ‘पाऊस’ हा विषय झाला. ‘पाणी कुठवर आलं?’ हा प्रश्न. विषयावर भाग बांधला की त्यात ढग, बेडूक, छत्री, इंद्रधनुष्य आणि भजी असं सगळं घुसतं आणि मुलाच्या हाती काही लागत नाही.

‘पाणी कुठवर आलं?’ हा प्रश्न नाशिककरांना कुठून सुचला ते सांगायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं: गुडघ्याला लागलं का, कमरेपर्यंत आलं का, गळ्याशी गेलं का. मोठ्यांची ही मोजपट्टी चार वर्षांच्या मुलाला आयती समजते, कारण गुडघा, पोट आणि गळा त्याच्या स्वतःच्या अंगावर आहेत.

पण भाग नदीवर करू नका. मूल बघतं तसं करतं. मुलगी एकटी घाटाच्या पायऱ्या उतरताना दाखवलीत तर ते दृश्य कितीही सुंदर असो, ते काढून टाका. विहीर, गॅस, प्लगची भोकं, गच्चीचा कठडा यांनाही हाच नियम. आपला भाग अंगणातल्या डबक्यात घडेल आणि ओट्यावर आजी बसलेली असेल.

गोष्ट अशी: पाऊस थांबलाय. गोदी नावाच्या छोट्या मुलीची लाल चप्पल अंगणाच्या पलीकडे राहिलीय, मध्ये पाणी. आजी म्हणते, ‘पाणी पावलाएवढं झालं की जा.’ पण ते कळणार कसं? गोदी प्लास्टिकचं बदक पाण्यात सोडते. ते तरंगतं, त्यावरून काहीच कळत नाही. मग ती आजीच्या फडताळातला पितळी हत्ती आणून पाण्यात उभा करते. पाणी हत्तीच्या पोटाला. थांब. पाणी गुडघ्याला. थांब. पाणी पावलाला. चल!

तपासा : तुमचा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला तोंडी विचारता येतो का? त्याचं उत्तर चित्रात बोट दाखवून देता येतं का? दोन्हीला ‘हो’ नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : संवाद लिहा, मग निम्मे खोडा

पाच मिनिटांना माझा अंदाज साडेतीनशे शब्दांचा. पहिल्या मसुद्यात आठशे होतातच. खोडायला सोपं ते हे: जे चित्रात दिसतंय ते बोलून सांगणारी सगळी वाक्यं. ‘अरे, बघा, किती पाणी साचलंय!’ हे पडद्यावर दिसतंच आहे.

गोष्टीचा कणा म्हणजे तीनदा घडणारी एकच कृती. हत्ती तीन वेळा बघायचा, तीनही वेळा त्याच शब्दांत विचारायचं: ‘पाणी कुठवर आलं?’ पहिल्यांदा मूल बघतं, दुसऱ्यांदा अंदाज करतं, तिसऱ्यांदा गोदीच्या आधी ओरडतं. लेखकाला इथे कंटाळा येतो आणि तो प्रत्येक वेळी प्रश्न नव्या शब्दांत मांडतो. तो मोह आवरा. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’चा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. मुलं कंटाळली नाहीत. दिवसागणिक जास्त उत्तरं द्यायला लागली.

बदल हवा तो कृतीच्या आत, आणि बारीकसा. दुसऱ्या खेपेला गोदीसोबतचं करडू हत्ती चाटून बघतं, एवढं पुरे.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

- खलनायक आणणं. या वयाला चप्पल पलीकडे राहणं हेच पुरेसं मोठं संकट आहे.
- पात्रांची गर्दी. गोदी, आजी आणि करडू. चौथं पात्र आणायचं असेल तर त्याच्याशिवाय गोष्ट का अडते ते आधी लिहून दाखवा.
- शेवटचं प्रवचन. ‘म्हणून मुलांनो, नेहमी मोठ्यांचं ऐकावं.’ गोदीने चप्पल घातली की भाग संपला. प्रायोजक किंवा एखादे काका तात्पर्य घालायचा आग्रह धरतीलच. त्यांना चहा पाजा आणि ते वाक्य घालू नका.
- पाठ्यपुस्तकी बोलणं. सिडको-सातपूरच्या कितीतरी घरांत अहिराणी बोलतात, पंचवटीतलं बोलणं आणखी निराळं. छोटी, रोजची वाक्यं सगळीकडे चालतात. ‘पाण्याची पातळी घटली’ हे बातम्यांना ठेवा. गोदी म्हणेल, ‘पाणी उतरलं!’

मुलांना हसवायचं असेल तर मोठ्या माणसाची किंवा वस्तूची फजिती दाखवा. बदक सरळ उभं राहायला हवं आणि ते उलटं होतं, पुन्हा उलटं होतं. मुलाला कारण ठाऊक आहे, गोदीला नाही. या वयाचा विनोद बहुतेक असाच असतो. शाब्दिक कोट्या आई-वडिलांना हसवतात, एखादी चालेल.

## टप्पा ४ : चित्रं हलण्याआधी बालवाडीत वाचून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात स्वस्त टप्पा हाच. खर्च दहा-बारा कागद आणि एक स्केचपेन.

तयारी : प्रत्येक प्रसंगाचं एक ओबडधोबड चित्र, ए-चार कागदावर, लांबून दिसेल इतकं मोठं. अंगणवाडी असेल तर सेविकाताई आणि त्यांच्या वरच्या कार्यालयाची परवानगी. खासगी बालवाडी असेल तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची, लेखी. मुलांचे चेहरे शूट करणार असाल तर ते त्या कागदावर स्पष्ट हवं. नसेल लिहिलं तर फोन खिशात.

वेळ खाऊ झाल्यानंतरची घ्या. सुटीच्या आधीची अर्धी घंटा नको. मुलांचं लक्ष दाराकडे असतं. एका वेळी चार-पाचच मुलं बसवा. वीस मुलं एकत्र बसवली की एक ओरडतं आणि एकोणीस त्याची नक्कल करतात, मग कोणाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही.

एकाने वाचायचं, दुसऱ्याने बाजूला बसून लिहायचं. लिहायचं काय? कोणत्या कागदावर कोण हललं, कुठे कोणी मध्येच बोललं आणि काय बोललं. वाचून झाल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका. मुलं ‘होऽऽ’ म्हणतात. ताईंनी तसंच शिकवलेलं असतं. त्याऐवजी कागद उलटसुलट करून द्या आणि म्हणा, ‘आता तू सांग.’ मूल जो कागद टाकून देतं तो तुमच्याही भागात नको.

‘ब्लूज क्लूज’च्या प्रत्येक भागाची संहिता मुलांसमोर तीन वेगवेगळ्या अवस्थांत तपासत. आपण निदान दोनदा तपासू: आता कागदावर, नंतर ॲनिमॅटिकवर, म्हणजे आवाजावर बसवलेल्या स्थिर चित्रांवर.

सावधान : स्वतःच्या मुलावर तपासलेलं धरू नका. त्याने ती गोष्ट जेवताना चारदा ऐकलेली असते.

## टप्पा ५ : आवाज आधी, हालचाल नंतर

ॲनिमेशन करून त्यावर आवाज बसवला तर संवाद घाईने पळतात आणि लिपसिंकचा, म्हणजे ओठ आणि आवाजाच्या मेळाचा, बोजवारा उडतो. आवाज पक्का झाल्याशिवाय एकही कीफ्रेम, म्हणजे हालचालीची मुख्य चौकट, टाकू नका.

गोदीला खऱ्या मुलीचा आवाज घ्या. मोठ्या बाईने बारीक काढलेला आवाज मुलं लगेच ओळखतात आणि मोठ्यांना तो डोक्यात जातो. ‘ब्लूई’तल्या मुलांचे आवाज निर्मितीच्या कामात असलेल्या लोकांच्याच मुलांचे आहेत आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत मुद्दाम देत नाहीत. तुम्हीही पूर्ण नाव जाहीर करायच्या आधी पालकांशी बोला.

पाच-सहा वर्षांच्या मुलीला वाचायला लावू नका. एक वाक्य तुम्ही म्हणा, एक ती म्हणेल. तुमची चाल ती उचलते, म्हणून तुम्ही नाटकी म्हणालात तर तीही नाटकी म्हणेल. पंधरा-वीस मिनिटांनी सुटी. ‘थांब!’ हा शब्द आनंदाने, वैतागून, कुजबुजत असा तीन-चार तऱ्हांनी घेऊन ठेवा. पुढे फार उपयोगी पडतो.

स्टुडिओ परवडत नसेल तर घरातली मधली खोली निवडा. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, भिंतींना गोधड्या. जमिनीवर गादी. हायवेजवळ राहत असाल तर दुपारची वेळ बघा, आणि पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात रेकॉर्डिंग ठेवूच नका.

तपासा : चित्राशिवाय नुसता आवाज एखाद्या मुलाला ऐकवा. गोष्ट तीन-चतुर्थांश तरी कळायला हवी.

## टप्पा ६ : ॲनिमॅटिक आणि मोकळ्या जागा

स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगाप्रसंगाची, स्थिर चित्रं आवाजावर टाकली की ॲनिमॅटिक झालं. मालिका मुलाला आवडणार की नाही हे इथे ठरतं, त्यामुळे सगळ्यात जास्त दिवस याला द्या.

पहिली गोष्ट, थांबा. गोदी ‘पाणी कुठवर आलं?’ विचारते आणि आपल्याकडे बघते. त्यानंतर तीन ते चार सेकंद काहीही नको. संगीतसुद्धा नको. तीन वर्षांच्या मुलाला प्रश्न ऐकून, हत्तीकडे बघून, शब्द जुळवून तोंडाबाहेर काढायला एवढा वेळ लागतो. एडिटिंगच्या टेबलवर ते चार सेकंद डोंगराएवढे वाटतात आणि कोणीतरी रात्री ते कापतंच. ॲनिमॅटिकमध्ये त्या जागेवर लाल अक्षरांत ‘कापू नये’ लिहून ठेवा. गोदी त्या वेळात पुतळा होता कामा नये. एकदा पापणी लवते, मान जराशी कलते, बस. आणि मुलाने काहीच उत्तर दिलं नाही तरी गोदीने शाबासकी देऊन टाकू नये. तिने स्वतः बघून सांगावं: ‘गुडघ्याला!’

दुसरी, वेग. २०११ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या साठ मुलांचे तीन गट केले होते. ज्यांनी नऊ मिनिटं वेगवान, अद्भुत घटनांचं कार्टून पाहिलं, ती मुलं त्यानंतर लगेच दिलेल्या संयमाच्या आणि नियम पाळायच्या कामांत चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. त्या कार्टूनमध्ये सरासरी अकरा सेकंदांना दृश्य बदलत होतं. तुलनेला घेतलेल्या संथ कार्यक्रमात चौतीस सेकंदांना. परिणाम किती टिकतो ते त्या प्रयोगाने मोजलं नव्हतं, त्यामुळे त्यावरून घाबरवणारे मेसेज फिरवायची गरज नाही. आपण एवढंच घ्यायचं: अंगणातलं दृश्य अर्धा मिनिट टिकलं तर काही बिघडत नाही. शॉट बदलायचाच तर मुलाला काही नवं बघायचं असेल तेव्हा बदला, उदाहरणार्थ हत्तीचे पाय जवळून.

आता हे ॲनिमॅटिक घेऊन पुन्हा बालवाडीत, शक्यतो दुसऱ्या. ‘सेसमी स्ट्रीट’ १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या संशोधकांनी एक साधी युक्ती केली होती: टीव्हीच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांना नवी स्लाइड, आणि मूल केव्हा टीव्ही सोडून स्लाइडकडे बघतं त्याची नोंद. तुम्ही लॅपटॉपशेजारी ठोकळ्यांची टोपली ठेवा. दर दहा सेकंदांना किती मुलं पडद्याकडे बघतायत एवढं लिहा. पाच मिनिटांच्या तीस नोंदी होतात. जिथे आकडा पडतो तिथे काय चाललं होतं बघा. बहुतेक वेळा तिथे पात्रं नुसती उभी राहून बोलत असतात.

नोंद उलट्या बाजूनेही वाचा. मूल पडद्याला डोळे लावून बसलंय पण गप्प आहे, तर ते रमलंय की नुसतं टक लावून बघतंय? तिसऱ्या ‘पाणी कुठवर आलं?’ला कोणीच तोंड उघडलं नाही, तर लक्ष शंभर टक्के असूनही भाग फसला आहे.

## टप्पा ७ : पात्रं आणि अंगण

आता कुठे रंग. पात्र सावलीवरून ओळखू यायला हवं: तिन्ही पात्रं काळ्या रंगाने भरून बघा, गोदीच्या दोन शेंड्या, आजीचा अंबाडा, करडाचे कान वेगळे दिसतात ना? मग चित्र करडं, म्हणजे रंगहीन करा. हत्ती पाण्यात हरवत असेल तर रंग कितीही छान असोत, ते बदला. शेवटी तेच चित्र मोबाइलच्या आकारात बघा, कारण बरीच मुलं ते तिथेच बघणार.

पार्श्वभूमी रिकामी ठेवायला कचरू नका. स्पेनची ‘पोकोयो’ मालिका जवळपास पूर्ण पांढऱ्या पार्श्वभूमीवर चालते. आपल्या अंगणात ओटा, तुळस, चप्पल आणि पाणी. मागच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल आणि वर पांडवलेणीचा डोंगर रंगवायची हौस नाशिककर चित्रकाराला होणारच. फिकट करून एका कोपऱ्यात टाका.

नजर महत्त्वाची. गोदी जिकडे बघते तिकडे मूल बघतं. बुबुळं जराशी चुकली की मूल हत्तीऐवजी तुळशीकडे बघत बसतं.

## टप्पा ८ : हालचाल

भारतातल्या टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम. पाच मिनिटांच्या ७,५०० होतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी हाताने काढायची ३,७५०, म्हणून छोट्या गटाने कापलेल्या भागांचं, रिग लावलेलं टू-डी ॲनिमेशन करावं. ब्लेंडर आणि ओपनटून्झ ही दोन्ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

ओठांसाठी इंग्रजीचे तयार तक्ते जसेच्या तसे वापरू नका. मराठीला सहा-सात आकार पुरतात: प-ब-भ-मसाठी मिटलेले, आ-साठी उघडे, ई-साठी पसरलेले, उ-ओसाठी गोल, व-साठी दात ओठाला टेकलेले, ल-ळसाठी जीभ वर, आणि उरलेल्यांना अर्धवट उघडे. ‘पावलाला’ या शब्दात पहिला ‘प’ मिटला नाही तर सगळं खोटं वाटतं. बाकी दोन अक्षरं चुकली तर कोणाला कळतही नाही.

सावधान : वीज चमकवताना पडदा लखलखवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट टाळायचा हा प्रसारणाचा सर्वमान्य दंडक आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून जास्त प्रेक्षकांना, त्यातली बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. एकदा हळूच उजेड आणि मग गडगडाट, एवढ्यावर काम होतं.

## टप्पा ९ : ध्वनी आणि फाइली

सतत वाजणारी ढोलकी काढून टाका. पावसाच्या थेंबाचा, हत्ती तळाला टेकल्याचा ‘टण्’, करडाचं ‘बेंऽ’ हे आवाज ऐकू आले पाहिजेत, कारण मूल त्यांचीच नक्कल करतं. शीर्षकगीत वीस सेकंदांच्या आत, चाल अशी की बालवाडीच्या ताईंना पेटीशिवाय म्हणता येईल. सगळं मिक्सिंग महागड्या हेडफोनवर झालं तरी शेवटची खात्री साध्या मोबाइलच्या स्पीकरवर करा, आणि तीही कुकरची शिट्टी होत असलेल्या स्वयंपाकघरात.

फाइली ठेवताना संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. पडद्यावर अक्षरं असतील तर त्यांचाही वेगळा थर. उद्या हाच भाग अहिराणीत करायचा झाला, किंवा वाहिनीने हिंदीत मागितला, तर फक्त संवादाचा ट्रॅक आणि ओठ बदलावे लागतील. मात्र तेव्हाही ते चार सेकंदांचे थांबे नव्या भाषेत पुन्हा मोजून बघा; डबिंग करणाऱ्याचं वाक्य लांबलं की तो पहिला घाला त्यांच्यावरच घालतो.